पाडव्याला बंद असलेला शब्द

आर्वीच्या साडेतीन काकू. आधी त्यांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. शुभ कामाला देवाचं नाव आधी घेतात हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी माझ्या शेजारी सूप घेऊन बसल्या होत्या त्या काकू, म्हणून पहिला मान त्यांचा. आणि नाव म्हणजे तरी टोपणनावच. खरं नाव लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लिवजो ना. मंग मी तुह्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसीन, अन् येईन त्या गिऱ्हाइकाले सांगीन का ही पोट्टी झोपेत कशी घोरते." तेव्हा टोपणनावच बरं.

मी नववीत शाळा सोडली. गाव सांगोल्याकडचं. वडील नव्हते, आई सारखी आजारी, आणि घरात शब्द चालायचा तो तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. ओळखीतल्या एका साहेबांची बदली वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला झाली, त्यांचं बाळ सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तात्या म्हणाले जा, मी गेले. कुणी जा म्हटलं की जायचं, ये म्हटलं की यायचं, माझं तेवढंच होतं. पुढं साहेबांची परत बदली झाली आणि या वेळी त्यांना माझी गरज नव्हती. तोवर दुपारी बाळ झोपलं की मी एसटी डेपोजवळच्या एका टेलरबाईंकडे बसून फॉल-पिको शिकले होते, ब्लाऊज बेतायला लागले होते. बाई म्हणाल्या, राहा माझ्याकडे कामाला. कामाचं झालं, पण राहायचं कुठं? कुणीतरी काकूंचं घर दाखवलं, आणि दाखवताना हसलं.

श्रावणातली दुपार होती. काकू ओसरीत बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोली हाये. पन भाडेकरू मी मुहूर्तावरच ठेवतो. दसऱ्याले ये."

दसरा किती लांब होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझं पाणी तेव्हा फार लवकर यायचं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बॅगेकडे बघितलं, आणि शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"दसऱ्यापासून भाडेकरू. तवालोक पाहुनी. पाहुन्याले मुहूर्त लागत नाई. जा, पाय धू."

अशी मी त्या घरात पाहुणी झाले. पाहुणी म्हणजे खरीच पाहुणी. भांड्याला हात लावला तर ओरडायच्या, "पाहुन्यानं भांडे घासले तं गल्लीत तोंड कसं दाखवू मी?" दसऱ्याच्या संध्याकाळी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, मी वाकून नमस्कार केला, आणि उठते न उठते तोच म्हणाल्या, "आता भाडेकरू झाली. आपलं ताट आपन घासजो."

साडेतीन हे नाव पडलं ते यावरूनच. वर्षात साडेतीन मुहूर्त, गुढीपाडवा, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, दसरा आणि दिवाळीतली बलिप्रतिपदा हा अर्धा. काकू नवीन काही सुरू करायच्या ते या साडेतीन दिवसांतच. बाकी वर्षभर त्या फक्त सुरू केलेलं संपवायच्या. तहसीलमध्ये क्लार्क होत्या तेव्हा एका साहेबांनी वैतागून म्हटलं होतं, बाई, तुमच्या या मुहूर्तांनी कामं तुंबतात. काकू म्हणाल्या होत्या, "सायेब, सुरू कराले मुहूर्त लागते, संपवाले लागत नाई. तुमचे लोक रोज सुरू करते, माह्याइतकं संपवते कोन?" साहेबांनी टेबलांवर नजर फिरवली आणि पुढची फाईल ओढली, असं काकूच सांगतात. खरं-खोटं त्यांना माहीत.

बलिप्रतिपदा हा अर्धा मुहूर्त, म्हणून त्या दिवशी काम अर्धंच करायचं. मी गेले तेव्हा ओसरीची भिंत अर्धी पोपटी आणि अर्धी जुनाट पिवळी होती. रंगाऱ्याला अर्ध्यातून परत पाठवलं होतं. त्यांची नवी कवळी तयार झाली ती नेमकी पितृपक्षात. दात घरात, वाटीत झाकून ठेवलेले, आणि काकू पोळी दुधात कुस्करून खातायत. दसऱ्याला देवीसमोर उभं राहून कवळी घातली, देवीकडे बघून हसून दाखवलं आणि मग गल्लीत सोनं वाटायला निघाल्या. त्या दिवशी ज्यांना पान मिळालं त्यांना दातही दिसले.

आता पाडव्याचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

काकूंचं मत असं, की वर्षाच्या पहिल्या दिवशी जे कराल ते वर्षभर होतं. असं बरेच लोक म्हणतात, आमच्या गावाकडेही म्हणतात, पण म्हणून सोडून देतात. काकू सोडत नव्हत्या. पाडव्याला पहाटे उठून त्या वर्षभर हवी असलेली प्रत्येक गोष्ट चिमूटभर करायच्या. गच्चीच्या पायऱ्या एकदा चढून उतरायच्या, म्हणजे गुडघे वर्षभर चालतील. पेपरातली एक बातमी चष्म्याशिवाय वाचायच्या. एक ओवी म्हणायच्या. ज्यांच्याशी पटत नाही त्या समोरच्या वहिनींना हाक मारून गोड बोलायच्या, वहिनीही तेवढ्यापुरत्या गोड बोलायच्या. आणि कडुनिंबाची चटणी खाताना कुणी तोंड वाकडं करायचं नाही, नाहीतर वर्षभर वाकडंच. गल्लीतली पोरं त्यांच्या ओसरीत रांगेनं बसून निंब चावायची आणि दात काढून हसायची. हिरवे दात. ते बघून मला पहिल्या वर्षी भीतीच वाटली होती.

पण सगळ्यांत मोठा नियम वेगळा होता. पाडव्याला सूर्य मावळेपर्यंत काकूंच्या तोंडून "नाई" हा शब्द निघायचा नाही. "नको"सुद्धा नाही.

हे किती अवघड, ते काकूंचा बाकीच्या दिवसांतला "नाई" ऐकल्याशिवाय कळणार नाही. तो गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. वर्गणीवाले फाटकापाशीच तो ऐकून पुढं जायचे. भाजीवाल्यानं भाव सांगायला तोंड उघडलं की नाई. त्यांचा "नाई" ठणठणीत होता, त्यात राग नव्हता, दार लावतात तसा तो लागायचा, बस. मला त्याचं फार अप्रूप. मला तो शब्दच जमायचा नाही. टेलरबाईंच्या दुकानात कुणीही यावं, "बाई, लगीन आहे, परवा ब्लाऊज द्याल ना?" मी हो म्हणायचे. दहा जणींना परवा. मग रडत मशीन चालवायची. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अवं, काऊन हो म्हनते? तुह्या दोन हाताले किती हात समजते लोकं?"

"वाईट वाटतं हो, काकू."

"कोनाले?"

"मलाच."

"मंग तूच बस रडत."

तर पाडव्याला हा दार लावणारा शब्द बंद, हे सगळ्या आर्वीला माहीत झालेलं. मग काय! वर्षभर जे मिळत नाही ते मागायला लोक बरोबर पाडव्याला यायचे. पोरं कैऱ्या पाडायची परवानगी मागायला. वर्गणीवाले गणपतीची वर्गणी चैत्रात मागायला. कुणी कुकर नेला तो नेलाच. काकूही तयार असायच्या. गुढी उभी झाली की शिडी आत आणून पलंगाखाली सारायच्या, वर गोधडी टाकायच्या. कुणी शिडी मागितली तर "ने ना बाबू, दिसली तं ने." एका ट्रॅक्टरवाल्यानं पाडव्याला येऊन विचारलं, "काकू, ट्रॉली दोन दिवस तुमच्या आवारात ठेवू काय?" काकू म्हणाल्या, "ठेव ना." दोन दिवसांचे दोन महिने झाले. काकूंनी ट्रॉलीत माती भरून घेतली आणि मेथी पेरली. तो ट्रॉली न्यायला आला तेव्हा मेथी वीतभर होती. "दोन जुड्या निघाल्या का मंग नेजो," काकू म्हणाल्या. "सुरू केलं ते संपवाले पाह्यजे." बिचारा मेथी संपेपर्यंत रोज येऊन ट्रॉली बघून जायचा.

एकदा मी विचारलं, हा नियम आला कुठून? पावसाळ्यातली दुपार होती, त्या वाती वळत होत्या. हात थांबले नाहीत.

"एका पाडव्याले ह्यांनी म्हनलं, चाल, हिंगणीले जाऊ, बोर धरन पाहून येऊ. गाडीवर बस मांगं. मी म्हनलं, नाई, पुरन शिजून राह्यलं."

"मग?"

"मंग काय. मंग वर्षभर काही ना काही निंगत गेलं. जानं झालं नाई. अन् वर्ष पुरं व्हाच्या आंदी तेच गेले."

काकूंनी वातींची जुडी उचलून उजेडात धरली, एक लांब झालेली वात मोडून परत वळली.

"धरन तिथीच हाये म्हनते," त्या म्हणाल्या.

माझ्या दुसऱ्या पाडव्याची गोष्ट. फाल्गुनात तात्यांचा फोन आला होता. एक स्थळ आलंय, डाळिंबाची बाग आहे, माणसं चांगली आहेत, आखाजीला उरकून टाकू. मला काय म्हणायचं ते आतून पक्कं माहीत होतं. मला दुकान टाकायचं होतं. कापड हातात आलं की मला भीती वाटत नाही, ही एकच जागा अशी होती. पण फोनवर माझ्या तोंडातून निघालं, "हं." पुन्हा फोन आला, पुन्हा "हं." मला वाटलं, हं म्हणजे ऐकतेय. तात्यांना वाटलं, हं म्हणजे हो.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली होती, शिडी पलंगाखाली गेली होती, पोरं निंब चावून हसत होती, आणि फाटकात तात्या उभे. पांढरी टोपी, हातात पिशवी. रात्रभर रेल्वेत बसून, मग वर्ध्याहून एसटीनं आलेले. पिशवीतून त्यांनी साखरेची गाठी काढली. आमच्या गावच्या बाजारातली, गुलाबी. एवढ्या लांबून माझ्यासाठी आणलेली. तात्या वाईट नाहीत, हीच तर अडचण होती. वाईट माणसाला सांगणं सोपं असेल, असं मला वाटायचं.

"आवर पोरी," तात्या म्हणाले. "दुपारच्या गाडीनं निघू. चांगला दिवस बघून आलोय न्यायला."

काकूंनी आधी त्यांच्या हातावर निंबाची चटणी ठेवली. तात्यांनी चेहरा न हलवता खाल्ली. काकूंनी मान डोलावली. "तुमचं वर्ष बरं जाईन."

तात्या खूश झाले. म्हणाले, "बाई, तुमचे उपकार हायेत. परमुलखात पोरीला संभाळलंत. आता नेतो तिला. तुमची काय हरकत न्हाई न्हवं?"

समोरच्या वहिनी कुंपणापाशी आल्या होत्या. गल्लीतली दोन-चार माणसंही रेंगाळली. सगळ्यांना माहीत, आज या घरात तो शब्द बंद आहे. मी काकूंकडे बघत होते. मला वाटलं, आज मोडतील. माझ्यासाठी एकदा मोडतील.

"माह्यी कायची हरकत?" काकू म्हणाल्या. "पोरगी तुमची. पहिले जेवा."

मी आत पळाले. स्वयंपाकघरात कढईत भरड्याचे वडे तळत ठेवले होते, ते लाल व्हायला लागले होते. काकू मागून आल्या, झारा घेतला, वडे काढले.

"काकू, तुम्ही सांगा ना तात्यांना. तुम्हाला येतं ते. एकदाच म्हणा."

"मले तो शब्द आज बंद हाये."

"माझ्यासाठीसुद्धा?"

काकूंनी गॅस बारीक केला. "मी म्हनलं तं माह्यं वर्ष होईन त्याचं. तुह्यं वर्ष कोन करीन?"

"पण आज पाडवा. आज मी तसं बोलले तर वर्षभर..."

"हां," काकू म्हणाल्या. "वर्षभर."

एवढंच. मग एक वडा फुंकर मारून माझ्या हातावर ठेवला. "नियम माहा हाये. घर माह्यं हाये. जीभ तुही हाये. ताटं वाढ, पाहुने भुकेले हाये."

मी ताटं वाढली. पुरणपोळी, तूप, कढी, वडे. तात्या पोटभर जेवले, कढीला दोनदा बरं म्हणाले. मी समोर बसून पोळीचे तुकडे करत होते आणि डोक्यात एकच फिरत होतं. आज मान हलवली तर वर्षभर मान हलेल. आखाजीला हलेल, लग्नात हलेल, मग बागेत हलेल. मान हलवण्याचं एक वर्ष माझ्यासमोर उभं होतं. आणि त्याच्या बाजूला दुसरं एक, त्यात काय होतं ते मला दिसत नव्हतं. फक्त मशीनचा आवाज ऐकू येत होता.

जेवणं झाली. तात्या ओसरीत अर्ध्या पोपटी भिंतीला टेकून बसले. (ती भिंत काकूंनी दसऱ्यालाही पुरी केली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या होत्या, आता नजरेले सवय झाली.) काकूंनी सूप आणलं, गहू घेतले आणि माझ्या शेजारी मांडी घालून पाखडायला बसल्या. फट, फट, फट. सणाच्या दिवशी, जेवण झाल्या झाल्या, कुणी गहू पाखडतं का? पण त्या आवाजाचं मला बरं वाटलं.

"बॅग भरली का?" तात्या म्हणाले.

मी तोंड उघडलं.

फट, फट.

"तात्या."

सूप थांबलं. काकू गव्हातला खडा शोधत होत्या. खडा काही सापडत नव्हता, सापडणारही नव्हता, ते गहू मीच आदल्या दिवशी निवडले होते.

"तात्या, मी येणार नाही."

कुंपणापाशी वहिनींच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तात्यांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "दुपारच्या न्हाई तर सांजच्या गाडीनं जाऊ."

"संध्याकाळीही नाही. मला ते लग्न करायचं नाही. मला इथं दुकान टाकायचंय. फोनवर मी हं म्हटलं, तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला सांगता येत नव्हतं."

"आन् आज येतंय व्हय? पाडव्याच्या दिवशी? वर्साच्या पहिल्या दिवशी न्हाई म्हणतीस मला?"

"आज म्हटलं नाही तर मला वर्षभर म्हणता येणार नाही, तात्या."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग काकूंकडं वळले. आवाज चढला होता. "तुम्ही शिकवलं व्हय हे हिला?"

आता काकू खऱ्या अडकल्या. खरं उत्तर एकच होतं, आणि तेच त्यांना बंद. चेहरा बघण्यासारखा झाला. ओठ एकदा हलले. कवळीचा बारीक आवाज झाला. शेवटी म्हणाल्या, "तिलेच विचारा."

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी नाही शिकवलं."

हाही "नाही"च होता. पहिल्यापेक्षा कितीतरी हलका निघाला.

सूप परत सुरू झालं. फट, फट, फट.

दुपारची गाडी गेली. मध्ये एकदा उठून तात्यांनी आवारातल्या हौदावर तोंड धुतलं, परत येऊन बसले. मी चहा केला, तो घेतला. उन्हं उतरायला लागली तशी काकू म्हणाल्या, "दिवस बुडाच्या आंदी गुढी उतरवा लागते. भाऊ, तुमचा हात पुरते. चालता काय?" शिडी पलंगाखाली होती, आणि ती ओढून काढली तर सगळ्या गल्लीला तिची जागा कळली असती.

तात्या उंच आहेत. ओट्याच्या कडेवर उभे राहिले, काठी हलकेच खाली घेतली, तांब्या काढला, साडी सोडून घडी घातली. घडी चांगली घालतात तात्या. गुढीची गाठी त्यांनी काकूंना दिली. मग पिशवीतून आमच्या गावची ती गुलाबी गाठी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. लहानपणी घालायचे तशी.

"आईला काय सांगू?" ते म्हणाले.

"सांगा, मी दिवाळीला येते."

"आलीस म्हंजे बास," ते म्हणाले, आणि टोपी नीट करून डेपोकडं निघाले. मी सोडायला गेले. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिले. मला फार वाईट वाटत होतं. पण वाईट वाटूनही ते तसंच राहिलं, मी मागं धावत जाऊन काही बदललं नाही.

परत आले तेव्हा सूर्य बुडाला होता. काकू फाटकात उभ्या होत्या. समोरच्या वहिनी वाटी घेऊन आल्या होत्या, थोडी साखर मागायला. काकूंनी आकाशाकडे एकदा बघून खात्री केली आणि म्हणाल्या,

"नाई!"

गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असेल. वहिनी हसत हसत रिकामी वाटी घेऊन गेल्या.

ते वर्ष तसंच गेलं, जसं सुरू झालं होतं. परवा ब्लाऊज मागणाऱ्यांना मी आठवड्यानं या म्हणायला लागले. त्या तोंड वाकडं करायच्या आणि आठवड्यानं यायच्या. दोन दसरे गेले आणि तिसऱ्याला मी कारंज्याला, घाडगे कारंज्याला, हायवेच्या बाजूला दुकान टाकलं. दुसरा कुठला दिवस सांगायची माझी टाप होती का? पहिलं कापड काकूंनी कापलं. तिरकं कापलं. मी ते अजून ठेवलंय.

पुढच्याच महिन्यात त्या एसटीनं आल्या, हातात खण. "उद्या पाह्यजे ब्लाऊज. लगनाले जाचं हाये."

"काकू, उद्या नाही जमणार. चार दिवस लागतील."

काकूंनी खण टेबलावर ठेवला आणि बसमधून उतरलेल्या, टायरचं पंक्चर काढणाऱ्या, चहा पिणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, "पाह्यलं? मले नाई म्हनली! मले!" ब्लाऊज न्यायला त्या चार दिवसांनी परत आल्या. लग्न नव्हतंच कुठलं.

आता त्यांचे गुडघे फार दुखतात. पाडव्याला गच्चीच्या पायऱ्या अर्ध्याच चढतात, बाकीच्या बलिप्रतिपदेच्या खाती टाकतात. नागपूरचा भाचा त्यांना फ्लॅटमध्ये न्यायचं म्हणतो. चांगला आहे भाचा, तात्यांसारखाच चांगला. वर्षभर त्याला नाई मिळतो. पण तो हुशार आहे, यंदा पाडव्याला आला. "मावशी, चलतेस ना नागपूरला?" काकू म्हणाल्या, "येतो ना बाबू. निंगाले मुहूर्त पाहू. आखाजी बरी." आखाजीला कळवलं, दसरा बरा. दसऱ्याला कळवलं, आता अर्धा मुहूर्तच उरला, अर्धीच येईन. भाचा हसला. पण मला फोनवर सांगताना काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढल्या पाडव्याले गाडी घेऊनच येतो म्हनते."

तेव्हापासून मी स्कूटर चालवायला शिकतेय. एकटीला येते आता, पण मागं कुणाला बसवायचं म्हटलं की तोल जातो. म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या सीटवर गव्हाचं पोतं बांधते आणि हायवे सोडून गावातल्या रस्त्यानं हळूहळू फिरते. लोक बघतात. बघू देत.

काकू, तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते मला फेडायचं आहे. कधी ना कधी फेडीनच, आणि जमलं तर पुढच्याच पाडव्याला. भाच्याची गाडी नागपुराहून यायला वेळ लागेल. मी त्याच्या आधी येईन. तुमची गुढी उभी करून देईन, निंब हसत खाईन, शिडी पलंगाखाली सारेन. पुरण गॅसवर चढलेलं असेल, तो गॅस मी बंद करेन. मग फाटकात स्कूटर चालू ठेवून तुम्हाला हाक मारेन.

"काकू, चला, हिंगणीला जाऊ. धरण बघून दिवस बुडायच्या आत गुढी उतरवायला परत. बसा मागं."

त्या दिवशी तो शब्द तुम्हाला बंद असतो.